कपाशीच्या लग्नातले दुपारचे हात

अंकवाले भाऊ घरी आले आणि म्हणाले, "अक्का, यंदा विज्ञान आणि आपण असा विषय आहे, तुम्ही लिहा." मी म्हटलं, भाऊ, मला विज्ञान ठाऊक नाही, मला सुमन ठाऊक आहे. चालेल का? ते हसले. हसले म्हणजे चालेल, असं मी धरून चालले आहे.

कपाशीचं फूल तुम्ही पाहिलंय का? सकाळी उमलतं तेव्हा दुधात हळदीचा थेंब टाकावा तसं पिवळट पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग पार राणी रंगाचं होऊन गळतं. खाली बोंड राहतं. मी आयुष्यातली चांगली उमेदीची वर्षं कपाशीच्या फुलांत काढली, आणि त्यातली पहिली जवळजवळ दोन वर्षं सकाळचं फूल मी लांबून पाहिलं. जवळून पाहायला मिळायचं ते दुपारचं, आदल्या दिवसाचं, सुकत चाललेलं. सकाळ सुमनची होती. म्हणून सांगते, मला सुमनचा हेवा होता. होता कसला, अजून आहे. ती गेल्याच महिन्यात धुळ्याहून मला भेटायला आली, माझ्याहून वयाने फार लहान नाही, तरी जिना न धापता चढली. झालं की नाही पुन्हा!

तर सुरुवातीपासून सांगते.

मला बोदवडला दिलेलं. नवरा काविळीने गेला आणि मी माहेरी सोनगीरला परत आले. दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मोठ्या रस्त्याच्या कडेला धुळ्याच्या एका मारवाडी शेठचा मळा होता. मोतीलालशेठ. त्यांनी ठरवलं की आपण नुसता कापूस लावायचा नाही, हायब्रीड कपाशीचं बियाणं तयार करायचं. हायब्रीड हा शब्द तोवर आम्हाला फक्त ज्वारीमुळे माहीत. ती ज्वारी पिकायची ढीगभर, पण भाकरी थापायला घेतली की परातीत चिरा पडायच्या. घरात कोणी किडकिडीत पोर जन्मलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, "हाई बी हायब्रीडच शे." आता कापूसही हायब्रीड होणार म्हटल्यावर गावात चावडीपासून विहिरीपर्यंत वाद. कोणी म्हणे, असल्या कापसाचं धोतर अंगाला खाजेल. कोणी म्हणे, देवाने दोन जाती वेगळ्या केल्या त्या काय उगीच?

पण मजुरी चांगली होती. सगळ्या बाया गेल्या, मीही गेले.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेतात कपाशीच्या दोन जाती लावायच्या. एक नराची, एक मादीची. फुलात खरं म्हणजे नर आणि मादी दोन्ही असतात. मधोमध एक दांडा, त्याच्या टोकाला ओलसर जीभ, ती मादी. दांड्याच्या भोवती पिवळ्या दाण्यांचा झुपका, तो नर. दाण्यांची भुकटी जिभेवर पडली की बोंड धरतं. आता आपल्याला दुसऱ्या जातीची भुकटी पाहिजे, म्हणून मादीच्या झाडावरच्या फुलातला घरचा नर आधीच काढून टाकायचा. उद्या उमलणारी कळी आज दुपारी ओळखायची. मेणबत्तीसारखी फुगलेली असते. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख घालायचं, गोल फिरवायचं, आणि पाकळ्या आणि दाणे एका झटक्यात सोलून काढायचे. आत नुसती उघडी जीभ उरते. नख जास्त खोल गेलं तर बोंड मेलं. एक दाणा जरी मागे राहिला तरी बियाणं नासलं. मग त्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाची उमललेली फुलं तोडून आणायची, टोपी काढायची, फूल जिभेवर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, हे बोंड आपल्या कामाचं. वेचणीला दोऱ्याचीच बोंडं वेगळी वेचायची.

बोरसे साहेब म्हणून शेतकी खात्याचे तरुण साहेब होते, धुळ्याला देवपुरात राहायचे, मोटारसायकलवर यायचे. त्यांनी आम्हाला शिकवलं. ते म्हणायचे परागीभवन. आमच्या तोंडात तो शब्द बसेना. दुपारच्या कामाला आम्ही म्हणायचो सोलणं आणि सकाळच्या कामाला म्हणायचो लगीन. तिथेच घोळ झाला. लगीन म्हटलं की लग्नाचे कायदे आले.

शेठच्या आई, त्यांना सगळे माजी म्हणत, हंगामात मळ्यावरच येऊन राहायच्या. पांढरी स्वच्छ साडी, हातात माळ, नजर घारीची. त्यांनी पहिल्याच दिवशी ओट्यावरून विचारलं, "सकाळी क्या करते हैं?" कोणीतरी म्हणालं, "लगीन, माजी." माजींनी माळ थांबवली. म्हणाल्या, "मग शुभ काम आहे. सवाष्ण बाया करतील. बाकीच्या दुपारी."

असं आमचं वाटप झालं. कपाळावर कुंकू असलेल्या सगळ्या सकाळी. मी आणि माझ्यासारख्या आणखी दोघी दुपारी, मदतीला गावातल्या काही म्हाताऱ्या. नर काढून टाकायचं काम विधवांना, आणि नर आणून द्यायचं काम सवाष्णींना! कोणी मुद्दाम ठरवलं असतं तर इतकं बरोबर जमलं नसतं.

बोरसे साहेबांना हे कळलं तेव्हा ते तावातावाने ओट्यापाशी गेले. "माजी, फुलाला काय कळतं, सवाष्ण कोण आणि विधवा कोण?"

माजी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचं लग्न झालं?"

"झालं."

"घरात कोणी विधवा आत्या, मावशी?"

"आत्या आहे."

"तिने तुम्हाला हळद लावली?"

साहेब मागे वळले. मोटारसायकलच्या हँडलला त्यांनी लिंबू-मिरची बांधलेली होती, ती उगीच सारखी करत बसले. मला त्यांचा राग नाही आला. स्वतःही विधवा असलेल्या बाईने हा प्रश्न विचारला, तिचाही नाही आला. मला राग आला तो लाल दोऱ्याचा.

सकाळच्या प्रत्येक बाईला स्वतःच्या रंगाचं रीळ मिळालं होतं, कोणाच्या हातची बोंडं किती लागतात ते कळावं म्हणून. सुमनला लाल. दुपारच्या बायांना रीळ नाही. आमच्या कामाची खूण कुठे बांधणार, लाल टोपी सकाळी फेकूनच दिली जायची. म्हणजे बघा, कळी ओळखायची मी, दाणा न ठेवता सोलायची मी, उन्हात पाठ मोडायची माझी, आणि बोंड धरलं की त्याच्या गळ्यात दोरा सुमनचा. पाहुणे शेतकरी जीपमधून बघायला यायचे. शेठ झाड दाखवून म्हणायचे, "हा लाल दोरा बघा, सुमनबाईंचा. काय हात आहे! लक्ष्मीचा हात."

आता सुमन कोण ते सांगते. पाटलांची सून, ठुसठुशीत, गोरी, नवरा याच रस्त्यावर ट्रक चालवायचा. इंदूरहून तिला बांगड्या आणायचा, मुंबईहून प्लॅस्टिकच्या फुलांचा आकडा. गळा गोड. सकाळी फूल फिरवताना चेष्टेने "शुभमंगल" म्हणायची आणि सगळ्या रांगेतून बाया ओरडायच्या, "सावधान!" मी त्या वेळी कडुनिंबाखाली बसून लाल कागदाच्या टोप्या वळत असायची. हसू तिथपर्यंत यायचं. वाईट असती तर बरं झालं असतं हो. निदान मनाशी दोन शिव्या तरी घातल्या असत्या. पण ती दुपारी घरी जाताना माझ्या पाटीत भाजलेले शेंगदाणे टाकून जायची. असल्या माणसाचा हेवा करणं फार अवघड काम आहे, रोज नव्याने करावं लागतं.

मी ते केलं. रोज दुपारी कळ्या शोधत ओळीतून जाताना माझे डोळे आधी लाल दोऱ्यांवर जायचे. कालचं धरलं का, परवाचं किती फुगलं, कुठलं गळालं. एखादं गळालेलं दिसलं की बरं वाटायचं. साहेबांना चंद्रावर गेलेल्या माणसांचं फार कौतुक. सांगायचे, तिथली माती आणून किती बारकाईने बघितली म्हणून. मी मनात म्हणायची, माझ्याइतक्या बारकाईने कोणी नसेल बघितली. चंद्राचं सांगितल्यावर सुमनने त्यांना विचारलं होतं, "साहेब, तठे मानूस बूट घालीसन फिरना, मंग आते चतुर्थीले मी कोनी पूजा करू?" साहेब म्हणाले, "चंद्राचीच करा की, तो काही कमी झाला नाही." तेवढ्यावर तिचं समाधान झालं. तिचं लवकर समाधान व्हायचं, हाही एक हेवा.

दुसऱ्या वर्षी श्रावणात बोंडं गळायला लागली.

एखाद-दुसरं नाही. सकाळी लगीन लावलेलं बोंड चार दिवस दम धरायचं आणि पिवळं पडून दोऱ्यासकट खाली. ओळीत चाललं की पायाखाली रंगीत दोरे. शेठ धुळ्याहून धावत आले. साहेब आले, पानं उलटून कीड बघितली, खत विचारलं, पाणी किती दिलं ते विचारलं. रस्त्यापलीकडच्या मळ्यात हीच जात होती, तिथे सगळं ठीक. साहेबांनी डोकं खाजवलं आणि औषध फवारायला सांगून गेले.

बायांना मात्र कारण लगेच सापडलं. हौदाशी बोलणं चालू होतं, मी कडुनिंबामागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "दुपारना हात शेतस," एक म्हणाली. "पांढरा कपाळनी बाई कळीले रोज हात लावस. एक वरीस देवीनी सहन करं. कितला दिन करी?"

दुसऱ्या दिवशी माजींनी मला ओट्यावर बोलावलं. स्वतः बसल्या होत्या, मलाही बसवलं. म्हणाल्या, "गोदाबाई, बुरा मत मानो. मी पण तुझ्यासारखीच आहे. पण शेठचं नुकसान होतंय. पोळ्यापर्यंत ये. पोळा झाला की दुपारी पण सवाष्ण बाया लावू."

माझ्यापुढे काय होतं? भावाचं घर, वहिनीची चूल, आणि मी. मजुरी आणते तोवर ताटात भाकरी वाढताना वहिनीचा हात सरळ असायचा. मला तो हात वाकडा झालेला बघायचा नव्हता. त्या दुपारी मी ओळीत गेले ते डोळे भरून. पण सवय कुठे जाते! नजर आधी लाल दोऱ्यावरच गेली. सुमनने सकाळीच लगीन लावलेलं फूल. मी खाली वाकले. फुलाच्या जिभेच्या टोकावर भुकटी असायची ती पिवळी. इथे पिवळ्याखाली लाल ठिपका होता. पुढच्या फुलावर तसाच. पुढच्यावर तसाच.

कुंकू.

मला आठवलं. सुमनच्या घरी कानबाई बसते. आमच्या खानदेशात श्रावणात नारळाची देवी बसवतात, रोट करतात, मोठा थाट असतो. त्या वर्षी कानबाईच्या रविवारनंतर सुमन पहिल्यांदाच देवीच्या कुंकवाची कोयरी घेऊन मळ्यात आली होती. लगीन म्हटल्यावर कुंकू नको का? फूल फिरवायच्या आधी प्रत्येक जिभेला ती कुंकवाचं बोट लावत होती. तिचं बघून सगळ्या लावायला लागल्या. आणि गळ कधी सुरू झाली? कानबाईनंतर. सकाळी त्या ओळीत आम्हाला जायला बंदी आणि साहेब येणार दुपारी, पानं बघणार. इतक्या बारीक ठिपक्याकडे बघायला दुसऱ्याच्या दोऱ्यावर जळणारीच बाई पाहिजे.

तुम्ही म्हणाल, मग काय, जाऊन सांगायचं. कोणाला? आणि कोणत्या तोंडाने? पांढऱ्या कपाळाची बाई ओट्यापाशी जाऊन म्हणणार, माजी, कुंकवाने फूल मरतं? सगळ्या बाया काय म्हणतील ते मला पाठ होतं. म्हणतील, हिचं पुसलं गेलं म्हणून दुसऱ्यांचं बघवत नाही. आणि त्यातलं दुखणं असं की ते खोटं नव्हतं. मला बघवत नव्हतंच. पण मला बघवत नव्हतं म्हणून फुलावरचं कुंकू काही खोटं होत नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि लोक एका वेळी एकच खरं धरतात.

दुसऱ्या दिवशी सुमन काम आटोपून हौदावर हात धूत होती. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. मी जवळ गेले.

"सुमन, फूलले कुकू लावू नको."

तिने हात तसेच पाण्यात ठेवले. "काब्र?"

"त्यामुळेच बोंडं पडी ऱ्हायनात."

ती उभी राहिली. गोड बाई, पण पाटलाची सून. "अक्का, तू रोज मना दोराकडे कशी दखस ते माले समजस. मी बोलत नही. तुले मना कुकूना हेवा वाटस."

"वाटस," मी म्हटलं. "नही कसाले म्हनू? तुना कुकूना वाटस, तुना दोराना बी वाटस. पन बोंडं मना हेवामुळे पडतस का? इतलं बळ मना हेवामा ऱ्हातं तं मी सोलाले कसाले उनी असती?"

तिला हसू आलं. तिने दाबलं, पण मला दिसलं. मग तिने बोटाला लागलेला लाल रंग पाहिला. पायाशी तिचे गळालेले दोरे पडले होते. तिचं नाव सगळ्यात मोठं, म्हणून पडणारे दोरेही तिचेच जास्त दिसायचे. तिलाही ते टोचत होतंच.

"मंग काय करानं?" ती म्हणाली.

पुढचं मी बोलले ते माझं नव्हतं, साहेबांचं होतं. पहिल्या वर्षी खताचे दोन वाफे दाखवताना त्यांनी सांगितलं होतं, एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, मग जो फरक पडेल तो त्या एकाच गोष्टीचा. मला ते फार आवडलं होतं. घरात कुठे असं करता येतं?

"एक झाडले लाव," मी म्हटलं, "एक झाडले नको लावू. बाकी बठ्ठं सारखं ठेव. तूच कर. मी शिवत नही."

"आनि कुकूवाला झाडना बोंडं बी टिकनात तं?"

"तं पोळानी वाट कोन दखस? मी उद्याच चालनी जासू."

तिने तसं केलं. कोणाला न सांगता, एका आड एक झाड. ते दिवस मला कसे गेले ते मलाच माहीत. दुपारी त्या ओळीत जायची आणि डोळे मिटून घ्यायची. जन्मात पहिल्यांदा मी देवाला सांगत होते की सुमनची बोंडं टिकू दे. अर्धीच, पण टिकू दे! असलं मागणं देवानेही कधी ऐकलं नसेल.

पोळ्याच्या आधी निकाल लागला. कुंकवाच्या झाडाखाली लाल दोऱ्यांचा सडा. मधल्या झाडांवर बोंडं हिरवीगार, सुपारीएवढी. सुमन ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, आणि माझ्यापुढे कोयरी बंद केली. टक असा आवाज झाला. एवढंच.

आता माझी आशा काय होती, की ती माजींना जाऊन सांगेल, गोदाक्काने ओळखलं. ती गेली खरी. मी कडुनिंबाखालून ऐकत होते.

"माजी," सुमन म्हणाली, "राती कानबाई मना सपनमा उनी. म्हने, सुमन, मना कुकू देव्हारामा ऱ्हाऊ दे. फूलना तोंडमा कसाले कोंबस? माले गुदमरस."

माजींनी दोन्ही हात कानाला लावले. "हे माँ! मग लगेच बंद करा!"

कुंकू त्याच दिवशी बंद झालं, गळ थांबली. माजींनी सुमनला साडीचोळी दिली. देवी जिच्या स्वप्नात येते ती काय साधी बाई! मला ओट्यावर बोलावून म्हणाल्या, "गोदाबाई, तू येत राहा. तुझा काही दोष नव्हता." माझं काम वाचलं. भाकरी वाचली. आणि मी संतापाने टोपीचे कागद चुरगाळत बसले होते. मी उघड्या डोळ्यांनी बघितलं ते मला सांगता येईना, आणि हिने मिटल्या डोळ्यांनी बघितलं त्याला साडीचोळी!

संध्याकाळी मी तिला गाठलं. ती म्हणाली, "अक्का, तुना नाव सांगतू तं कोन आयकतं? मना नाव सांगतू तरी माजी म्हनती, देवीना कुकूले नाव ठेवस. देवीनं नाव सांगं, काम व्हयनं ना?" आणि माझ्या पाटीत शेंगदाणे टाकले. बरोबर होतं तिचं. तिचं नेहमी बरोबर असायचं, म्हणून तर.

साहेब आले तेव्हा त्यांना मात्र आम्ही खरं सांगितलं. ते खूप हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, कुंकू म्हणजे हळद आणि चुना, चुन्याने ती ओली जीभ करपते, भुकटी रुजतच नाही. "मी औषध फवारायला लावलं," स्वतःशीच म्हणाले. मी म्हटलं, साहेब, वाफ्याचं तुम्हीच सांगितलं होतं. त्यांना ते आठवत नव्हतं. मास्तर लोक बोलून जातात, आपणच धरून बसतो.

आता सकाळ मला कशी मिळाली ते सांगते. विज्ञानाने नाही मिळाली, सांगून ठेवते. मुगाच्या शेंगा तोडायला आल्या आणि अर्ध्या बाया आपापल्या शेतात गेल्या. तिकडे कपाशीला एकदम बहर. ऊन चढत चाललेलं, एकदा ऊन चढलं की फूल लागत नाही, आणि निम्म्या टोप्या तशाच. शेठ बांधावरून ओरडले, "अरे, कोणीही लावा, पण लावा!" माजींनी माळ थांबवली, ओळींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "गोदाबाई जाऊ दे. पण दोरा पांढरा द्या. वेगळा राहू दे."

मी गेले. पहिलं फूल हातात घेतलं तेव्हा ते इतकं मऊ होतं की माझं खरखरीत नख मलाच लाजवायला लागलं. आयुष्यात एवढ्या हलक्या हाताने मी काही केलं नसेल. पांढरा दोरा बांधला. मनात एकच होतं, बाई, माझी बोंडं सुमनपेक्षा जास्त लागली पाहिजेत.

लागली किती? जेवढी तिची तेवढी माझी. तिच्या ओळीत शंभराला जितकी टिकली तितकीच माझ्या ओळीत टिकली. साहेब आनंदाने म्हणाले, "बघा माजी, हात कोणाचाही असो, फूल सारखंच धरतं!" मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला हे सिद्ध करायचं नव्हतं हो. न्याय पाहिजे होता, पण थोडा जास्त. विज्ञानाची हीच एक गोष्ट मला पुढेही पटली नाही. ते सगळ्यांना सारखं मोजतं.

वेचणीच्या वेळी आणखी एक झालं. बोंडं फुटली, कापूस बाहेर आला. लाल, निळे, पिवळे दोरे लांबून दिसायचे, बाया काढून टाकायच्या. माझा पांढरा दोरा पांढऱ्या कापसात दिसेना. तसाच वेचला गेला, तसाच जिनिंगमध्ये गेला. तिथे सरकी काढताना दोरे यंत्राच्या रुळांना गुंडाळले गेले. जिनवाला धुळ्याहून मळ्यावर आला, हातात दोऱ्यांचा गुंता घेऊन. "शेठ, कापूस पाठवला की भरतकाम? मशीन अडकलं माझं!"

शेठनी माजींकडे पाहिलं. माजी खाली बघून माळ ओढत होत्या.

पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी मुनीमजी ओट्यावर रिळांची पेटी घेऊन बसले. शेठ म्हणाले, "पांढरा दोरा बंद. गोदाबाईला लांबून दिसेल असा रंग द्या." काय गंमत आहे बघा. साहेबांनी वाद घातला, आम्ही एका आड एक झाड करून दाखवलं, देवी स्वप्नात आली, पण विधवेच्या हातात रंग आला तो जिनच्या अडकलेल्या रुळामुळे!

मुनीमजींनी पेटी चाळली. म्हणाले, "लाल सुमनबाईंचा. पिवळा गेला. निळा गेला. हा एक उरलाय." आणि माझ्या हातावर रीळ ठेवलं. राणी रंग. चमचमणारा, नवाकोरा. कपाशीच्या कालच्या फुलाचा, दोन वर्षं दुपारी मी बघितला तो. माजींनी बघितलं. माळ मात्र थांबली नाही.

मी ओळीत शिरले. दोरा मोजून तोडून घेताना थोडा बोटाला गुंडाळला, कामाची सोय म्हणून. बोट छान दिसत होतं. बाजूच्या ओळीत सुमन होती. तिचं "शुभमंगल" अर्ध्यावर थांबलं.

"अक्का, हाई रीळ कव्हय उनं? माले कोनी दखाडं नही."

मी बांधत राहिले.

"राणी कलर शे ना?" ती जवळ आली, दोन बोटांनी दोरा उचलून उन्हात धरला. तिचा लाल दोरा मागच्या वर्षीचाच होता, जरा फिकटलेला. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. ओळखणार नाही तर काय, दोन वर्षं रोज कडुनिंबाखाली मी तोच चेहरा करून बसले होते.

"बदलस का व?" ती म्हणाली. गोड आवाजात, अगदी शेंगदाण्याच्या आवाजात.

"नही," मी म्हटलं, आणि पुढच्या फुलाची टोपी काढली.